सल्ला हवा: तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या दुकानासाठी वेबसाइट करायची आहे

कल्हई
नमस्कार मंडळी. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळीच्या जवळ आमचं भांड्यांचं दुकान आहे. घंगाळं, बंब, हंडे, कळश्या, तांबे, पूजेची उपकरणी. बरीचशी भांडी आळीतल्या कारागिरांकडूनच घडवून, मठारून (हातोडीने ठोके मारून) घेतो. सासऱ्यांनी दुकान सांभाळलं, आता मी आणि नवरा बघतो. बाबा रोज येऊन बसतात मात्र.

गेली दोनतीन वर्षं बाहेरगावाहून फोन वाढलेत. बंगळूरहून कुणी विचारतं, घंगाळ केवढं, वजन किती, फोटो पाठवा. मी तेच फोटो व्हॉट्सॲपवर दिवसातून दहा वेळा पाठवते. म्हणून साइट करावी असं मनात आलं. एका कंपनीने पंचेचाळीस हजार आणि वर्षाला बारा हजार सांगितले, त्यात कार्ट (साइटवरच वस्तू निवडून मागवायची सोय), ऑनलाइन पैसे भरणं सगळं. ओळखीतला एक इंजिनिअरिंगचा मुलगा आठ हजारांत करून देतो म्हणतोय. एवढा फरक का, ते मला कळत नाही.

खरी अडचण भावाची आहे. आमच्याकडे माल वजनावर जातो आणि तांब्याचा भाव हलतो. शिवाय हातघडणीच्या दोन कळश्या कधीच सारख्या वजनाच्या नसतात, पन्नास-शंभर ग्रॅम इकडेतिकडे होतातच. मग साइटवर किंमत काय लिहायची? आणि मराठीत करावी की इंग्रजीत? ज्यांनी स्वतः हे केलंय त्यांनी कृपया सांगा.

भोसरीकर
साइटच्या आधी गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद करा. फुकट आहे, आणि 'तांब्याचं घंगाळ पुणे' असं शोधणाऱ्याला आधी नकाशाच दिसतो. दुकान तुमचंच आहे हे पटवायला हल्ली बहुतेकदा व्हिडिओ मागतात. न थांबता एका दमात काढायचा: रस्ता, आजूबाजूची दुकानं, तुमची पाटी, मग कुलूप उघडून आत गल्ल्यापर्यंत. मध्ये तोडून जोडलेला व्हिडिओ चालत नाही.

पेठेत नकाशावरची पिन हमखास चुकते, ती स्वतः जागेवर उभं राहून सरकवा. आमच्या एका पुरवठादाराची पिन एक गल्ली पलीकडे होती, माणसं फडके हौदापाशी येऊन फोन करायची.

गूगलच देत असलेली फुकट साइट मात्र आता मिळत नाही, ती सोय त्यांनी मार्च २०२४ मध्ये बंद केली. कुणी 'गूगलची साइट करून देतो' म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

सातवा_मजला
साइट कशाला, इन्स्टाग्राम पुरे आहे. माझी बहीण साड्या त्यावरच विकते.

पुडीचा_दोरा
इन्स्टाग्राम जरूर ठेवा, पण फक्त त्यावर विसंबू नका. खातं एकदा बंद पडलं तर दाद कुणाकडे मागायची हेच कळत नाही.

कल्हई ताई, मी कोथरूडला मसाले आणि भाजणी करते. माझ्यावर जे गुजरलं ते सविस्तर लिहिते, कारण कार्ट आणि रंगरूप हे सगळं नंतर बदलता येतं, पण ही एक गोष्ट सुरुवातीला चुकली तर फार महागात पडते.

सहा वर्षांपूर्वी एका वेब डिझाइनवाल्याला काम दिलं. 'डोमेन, होस्टिंग, सगळं आमच्याकडे, तुम्ही काळजी करू नका' असं म्हणाला. (डोमेन म्हणजे साइटचं नाव, होस्टिंग म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा.) मी निर्धास्त झाले. साइटचं नाव पिशव्यांवर छापलं, डब्यांच्या लेबलांवर छापलं, गाडीवर लिहिलं. चौथ्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर साइट उघडेना. त्याचा फोन बंद, ऑफिस रिकामं. मग कळलं की डोमेन त्याच्या नावावर, त्याच्या ईमेलवर घेतलेलं होतं. मुदत संपल्याचं पत्र त्याला गेलं असणार, मला काहीच नाही. मुदत संपल्यावर नाव लगेच जात नाही, काही दिवस मालकाला सोडवून घेता येतं, पण मालक मी नव्हतेच. पुढे ते नाव दुसऱ्याच कुणीतरी घेतलं. छापलेली तीन हजार लेबलं वाया गेली, आणि जुनी गिऱ्हाइकं ते नाव टाकून भलत्याच पानावर जायची, त्याची खंत जास्त.

तेव्हा डोमेन तुमच्या नावाने, तुमच्या ईमेलवर, तुमच्या कार्डाने घ्या. मुलीच्या किंवा भाच्याच्या ईमेलवरसुद्धा नको. दुकानासाठी वेगळा ईमेल उघडा, त्यात फोन नंबर तुमचा. नाव घ्यायला दहा मिनिटं लागतात. पहिल्या वर्षीचा भाव बघून भुलू नका, दुसऱ्या वर्षापासून नूतनीकरणाला किती हे आधी वाचा, त्यावर १८ टक्के जीएसटी धरा. मी आता डॉट इन घेतलंय, वर्षाला हजाराच्या आत पडतं. आपोआप नूतनीकरण चालू ठेवा, तरी कार्डाची मुदत संपली तर तेही अडतं, म्हणून बाबांच्या दिनदर्शिकेवर तारीख लिहून ठेवा.

डिझाइन करणाऱ्याला आत शिरायला वेगळी परवानगी देता येते, मुख्य पासवर्ड हातात द्यायची गरज नसते. पंचेचाळीस हजार घ्या नाहीतर आठ हजार घ्या, दोघांनाही हा पहिला प्रश्न विचारा: डोमेन आणि होस्टिंग कुणाच्या नावावर? उत्तर देताना जो आढेवेढे घेईल त्याला काम देऊ नका.

कल्हई
ताई, वाचून पोटात गोळा आला. त्या कंपनीच्या कागदात 'डोमेन आमच्यातर्फे मोफत' असं लिहिलंय. आता समजलं. तुमची पिशव्या-लेबलं पुन्हा छापून झाली का?

पुडीचा_दोरा
झाली. आता लेबलावर साइटच्या बरोबरीने फोन नंबरही मोठा छापते.

खिळे_जुळवणारा
तुमच्या भावाच्या प्रश्नावर. मी हार्डवेअर आणि नळसामान विकणाऱ्या दोनतीन दुकानांच्या साइट केल्यात, तिथेही भाव रोज हलतो. तुम्हाला आत्ता कार्ट नको. कार्ट म्हणजे प्रत्येक वस्तूला ठरलेली किंमत, ठरलेलं वजन, शिल्लक किती हे रोज भरणं. मशीनवर निघालेल्या बाटल्यांना ते ठीक. मठारलेल्या कळशीला नाही.

त्याऐवजी दालनासारखी साइट करा. प्रत्येक भांड्याला क्रमांक द्या. खाली उंची, तोंडाचा व्यास, पाणी किती लिटर मावतं, आणि वजन 'साधारण १.८ ते २ किलो' असं. त्याखाली एक बटण: 'आजचा भाव विचारा'. ते दाबलं की गिऱ्हाइकाचं व्हॉट्सॲप उघडतं आणि 'घंगाळ क्र. १४ चा भाव सांगा' हा मजकूर आधीच लिहिलेला येतो. ही लिंक बनवायला पैसे लागत नाहीत, फक्त नंबराच्या आधी ९१ घालायचं, शून्य किंवा अधिकचं चिन्ह नाही. मग तुम्ही तेच नेमकं भांडं तराजूवर ठेवून फोटो पाठवा. काट्यावरचा आकडा दिसला की बोलणं मिटतं.

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये कॅटलॉग असतो, त्यात पाचशेपर्यंत वस्तू बसतात आणि किंमत लिहिणं सक्तीचं नाही. साइट होईपर्यंत महिनाभर तेवढ्यावरसुद्धा काम भागेल, रोजचे दहा वेळा फोटो पाठवणं तरी थांबेल.

साइट वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर करून घ्या. २००३ पासूनचं आहे, मुक्त स्रोत आहे, एकाने काम सोडलं तर दुसरा माणूस सहज मिळतो. डॉट कॉमवालं वर्डप्रेस म्हणजे त्यांच्याच होस्टिंगवर महिन्याची वर्गणी, आणि डॉट ऑर्गवालं म्हणजे सॉफ्टवेअर फुकट, होस्टिंग तुमचं. मी दुसरं सुचवेन. साइट सुरक्षित ठेवणारं एसएसएल प्रमाणपत्र 'लेट्स एन्क्रिप्ट' या संस्थेचं फुकट मिळतं, बऱ्याच होस्टिंगवाल्यांकडे ते आपोआप लागतं. त्याचे वर्षाला दोन-अडीच हजार कुणी लावत असेल तर कशाचे ते विचारा.

आठ हजारवाला मुलगा वाईट नाही, पण त्याच्याकडून दोन गोष्टी लिहून घ्या: दर आठवड्याला बॅकअप तुमच्या ईमेलच्या ड्राइव्हवर येईल, आणि नवीन भांडं कसं चढवायचं हे तो तुम्हाला शेजारी बसून शिकवेल. तो बघत असताना तुम्ही स्वतः तीन भांडी चढवा, मगच उरलेले पैसे द्या.

उन्हाची_तिरीप
फोटोंबद्दल कुणी बोललं नाही. तुमच्या धंद्यात साइट फोटोंवरच उभी राहील.

तांबं आरशासारखं असतं. समोर उभ्या माणसाचा शर्ट, ट्यूबलाइट, रस्त्यावरची रिक्षा, सगळं त्यात दिसतं. फ्लॅश अजिबात नको, थेट ऊनही नको. सकाळी खिडकीशी टेबल लावा, खिडकीवर पांढरं पातळ कापड सोडा, भांड्याच्या दुसऱ्या बाजूला पांढरी चादर उभी धरा. तुम्हीही पांढरा किंवा फिका कपडा घाला. मठारकामाचे ठोके दिसायचे असतील तर उजेड एका अंगाने, तिरका येऊ द्या, प्रत्येक ठोक्याच्या कडेला बारीक सावली पडते आणि हातघडणीचं काम बघता क्षणी ओळखू येतं. समोरून उजेड पडला की तेच भांडं गुळगुळीत, कारखान्यातलं वाटतं.

आदल्या रात्री नको, त्याच सकाळी चिंच-मिठाने घासा, लगेच धुऊन कोरडं करा, नाहीतर पाण्याचे डाग राहतात. मग हात लावायचा तो सुती फडक्यानेच, बोटांचे ठसे पुढे काळवंडतात. आकार कळावा म्हणून शेजारी नारळ ठेवा. फूटपट्टीपेक्षा नारळ डोळ्यांना लवकर कळतो.

मोबाइलचा मूळ फोटो चार-पाच एमबीचा असतो, तसाच चढवला तर साइट उघडेपर्यंत माणूस निघून जातो. रुंदी बाराशे पिक्सेल आणि वजन दोनशे केबीच्या आसपास करून मगच टाका.

आणि एक व्हिडिओ हवाच. कारागीर ठोकतोय, फक्त हात आणि हातोडी, वीस सेकंद. आवाजासकट. तांबट आळीत आत शिरताना जो आवाज कानावर येतो तो बंगळूरच्या माणसाने ऐकला की तो भाव घासाघीस करून विचारणार नाही. कारागिरांना आधी विचारा, आणि त्यांची नावं घालायला ते हो म्हणाले तर नक्की घाला.

डीटीपीवाली
मराठी की इंग्रजी याचं उत्तर: दोन्ही, पण मराठी आधी लिहा. बंब, घंगाळ, तपेलं, कळशी यांना इंग्रजीत धड शब्द नाहीत, आणि परगावी गेलेला मराठी माणूस याच शब्दांनी शोधतो. इंग्रजी पानावरही हेच शब्द ठेवून अर्थ सांगा.

सावधगिरी एकच. तुमचं जुनं माहितीपत्रक श्री-लिपी या जुन्या टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेलं असेल, आपल्याकडच्या बहुतेक छापखान्यांत असायचं, तर ते तसंच साइटवर चिकटवू नका. जुन्या फॉण्टमधला मजकूर गूगलला रोमन अक्षरांचा काला दिसतो, शोधात येतच नाही. युनिकोडमध्ये (सगळीकडे सारखी दिसणारी अक्षरं) रूपांतर करा आणि मग एकदा डोळ्यांखालून घाला, र्‍ह आणि ऱ्य हमखास बिघडतात. फॉण्ट 'मुक्त' (Mukta) नावाचा किंवा 'नोटो सान्स देवनागरी' घ्या, दोन्ही फुकट आहेत. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवायला सांगा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत घुसतो.

देवनागरीत पत्ताही मिळतो, डॉट भारत, २०१४ पासून. परवडलं तर दुसरं नाव म्हणून घेऊन मुख्य साइटकडे वळवा. एकमेव पत्ता म्हणून नको, फोनवर सांगितला तर लोक इंग्रजीतच टाइप करतात.

जमाखर्च
सीए आहे, नारायण पेठेत. थोडक्यात लिहितो. महाराष्ट्राबाहेर माल विकायचा तर सर्वसाधारण नियमाने उलाढाल कितीही असली तरी जीएसटी नोंदणी लागते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना सवलत आहे, तुमची भांडी त्यात बसतात का हे बिलं घेऊन तुमच्या सीएला दाखवा. परदेशात व्यापारासाठी माल पाठवायचा तर आयईसी (आयात-निर्यात) क्रमांक लागेल, डीजीएफटी या सरकारी विदेश व्यापार खात्याच्या साइटवर ५०० रुपयांत घरबसल्या होतो.

पुढे कार्ट घेतलंत तर पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या कंपन्या) साधारण दोन टक्के आणि त्यावर जीएसटी घेतात. ते खातं उघडताना तुमच्या साइटवर पत्ता, फोन, परतावा आणि गोपनीयतेची पानं आहेत का ते बघतात. ई-कॉमर्सच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांतही यातलं बरंचसं मागितलंय, शिवाय तक्रार कुणाकडे करायची त्या माणसाचं नाव. ही पानं दुसऱ्या कुणाची उतरवू नका. प्रवासात पोचा आला तर बदलून देणार का, वाहतूक कोण भरणार, हे तुमचं तुम्ही ठरवून साध्या मराठीत लिहा.

कल्हई
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय.

डोमेन माझ्या नावावर घेतलं, डॉट इन. त्या कंपनीला नाही म्हटलं. त्या आठ हजारवाल्या मुलाने काम सुरू केलंय, बॅकअपचं लिहून दिलं. गूगलचा व्हिडिओ दुसऱ्या खेपेला मंजूर झाला, पहिल्यात पाटी नीट दिसत नव्हती. 'कसं यायचं' या पानावर कसबा पेठ मेट्रो स्टेशनपासून चालत कसं यायचं ते लिहिलंय, वळणावळणाचे फोटो टाकून.

बावीस भांड्यांचे फोटो झाले. नारळ ठेवला. बाबा आधी लांबून बघत होते, मग स्वतःच उठून माळ्यावरून त्यांच्या वडिलांच्या वेळचा बंब उतरवून आणला. हा विकायचा नाही, पण याचा फोटो पहिल्या पानावर घाल म्हणाले. त्याला क्रमांक दिलेला नाही.

आता एकच अडलंय. मोठी घंगाळं कुरिअरने पाठवताना काठाला पोचा येतो. पेंढा, पुठ्ठा दोन्ही करून बघितलं. कुणी लाकडी चौकट करून देणारं भवानी पेठेत किंवा आसपास माहीत आहे का?

भोसरीकर
भवानी पेठेत टिंबर मार्केटमध्ये विचारा, मापं घेऊन जा. आणि चौकटीच्या आधी घंगाळाच्या कड्यांना आणि काठाला जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून बघा, आम्ही मशीनचे भाग तसेच पाठवतो.