मदत हवी आहे: न्यूयॉर्क सोडून शार्लटला आलो, दोन राज्यांचा टॅक्स स्वतः कसा भरायचा?

उत्तरवारा
गेल्या वर्षी मार्चमध्ये न्यूयॉर्क सोडून नॉर्थ कॅरोलायनात आलो. टॅक्स दरवर्षी स्वतःच भरतो, यंदाही सीपीएकडे (इथल्या सीएकडे) जायचं नाहीये. फेडरल (केंद्र सरकारचं) रिटर्न झालंय. पण डब्ल्यू-२ वर (कंपनीच्या वार्षिक पगार-दाखल्यावर) न्यूयॉर्कच्या ओळीत, बॉक्स १६ मध्ये, वर्षाचा अख्खा पगार आहे आणि खाली नॉर्थ कॅरोलायनाच्या ओळीत जूनपासूनचा पगार पुन्हा आलाय. बेरीज बॉक्स १ च्या (फेडरल पगाराच्या) कितीतरी पुढे जाते. सॉफ्टवेअर दोन्हीकडे टॅक्स लावतंय. पेरोलवाले मेलला उत्तर देत नाहीत. १५ एप्रिल तोंडावर आलाय, कुठला आकडा कुठे टाकायचा एवढंच सांगा.

कोकणकडा
नोकरी तीच की बदलली? घरून काम की ऑफिसला जाता? न्यूयॉर्क म्हणजे सिटी की बाहेर? आणि मार्चमध्ये आलात तर खालची ओळ जूनपासून का?

गोदातीर
सोपं आहे. न्यूयॉर्कला भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट (टॅक्समध्ये सूट) नॉर्थ कॅरोलायनात घ्या. मी जर्सीत राहते, मॅनहॅटनला नोकरी करते, दरवर्षी हेच करते. आधी न्यूयॉर्कचं रिटर्न पुरं करायचं, मग जर्सीचं.

कोकणकडा
ताई, तुम्ही एका राज्यात राहून दुसऱ्यात कमावता, म्हणून तोच पगार दोघांच्या हक्कात येतो. हे तर घरच बदलून गेलेत. चुकून कापलेल्या टॅक्सचं क्रेडिट मिळत नाही, तो न्यूयॉर्ककडूनच परत मागावा लागतो.

गोदातीर
चुकून कापलाय हे कशावरून? ऑफिस न्यूयॉर्कला आणि माणूस स्वतःच्या सोयीसाठी शार्लटला घरी बसून काम करत असेल, तर न्यूयॉर्क ते दिवस आपल्याकडचेच धरतं. मग क्रेडिटच लागेल.

कोकणकडा
हो, म्हणूनच विचारलं ना त्यांना.

पावसाळी
सामान हलवायचा खर्च वजा करा, ट्रकचे बरेच होतात.

सहज_विचारतो
फेडरलमध्ये ती वजावट २०१८ पासून जवळपास सैन्यातल्यांपुरतीच उरलीय. उलट कंपनीने ट्रकचे पैसे दिले असतील तर ते पगारात धरले जातात. बाय द वे, भारतातल्या एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) एफडीचं व्याज दाखवलंत ना? तिकडे करमुक्त असलं तरी इकडे नाही. आणि तिकडची सगळी खाती मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असतील तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांच्या माहितीचा फॉर्मही भरा.

उत्तरवारा
एफडीचं कुणी विचारलंय? कंपनी तीच, शार्लटच्या ऑफिसात रीतसर बदली झाली, रोज जातो. पेरोलने मेअखेरपर्यंत न्यूयॉर्कचाच टॅक्स कापला, म्हणून जून. आधी क्वीन्समध्ये होतो.

कोकणकडा
मग सोयीचा नियम लागत नाही. आणि बॉक्स १६ मध्येही गडबड नाही. न्यूयॉर्कसाठी कंपनीला तिथे फेडरलइतका पूर्ण पगारच लिहावा लागतो, माणूस वर्षभर राहिलेला असो वा नसो. वाटणी आपण करायची. आयटी-२०३ मध्ये (वर्षभर न राहिलेल्यांचं न्यूयॉर्कचं रिटर्न) दोन रकाने आहेत, फेडरल आणि न्यूयॉर्क. न्यूयॉर्कच्या रकान्यात बदलीपर्यंतचाच पगार टाका. बदलीआधीची शेवटची पे-स्लिप काढा, त्यावरचा वर्षारंभापासूनचा एकूण आकडा म्हणजे तोच. क्वीन्स म्हणजे सिटी टॅक्सही आला, त्याला आयटी-३६०.१ हा फॉर्म. नॉर्थ कॅरोलायनात डी-४०० (तिथलं रिटर्न) सोबत शेड्यूल पीएन (वर्षभर न राहिलेल्यांचं जोडपत्र), तिथे मार्चपासूनचा सगळा पगार दाखवा, डब्ल्यू-२ वर जूनपासूनचा असला तरी. मधल्या काळात कापलेले पैसे न्यूयॉर्क परत करेल, पण नॉर्थ कॅरोलायनाचे आत्ता खिशातून भरावे लागतील. २०२५ चा त्यांचा दर सरसकट ४.२५ टक्के आहे. बदलीचं पत्र जपा, न्यूयॉर्क मागू शकतं.

सहज_विचारतो
थांबा. क्वीन्सचं घर कधी सोडलंत?

उत्तरवारा
बायको आणि मुलगी जूनअखेरपर्यंत तिथेच होत्या, शाळा संपेपर्यंत. लीजही तोवर चालू होतं. त्याचा काय संबंध? जॉइंट भरतोय.

सहज_विचारतो
सगळा संबंध तिथेच आहे. न्यूयॉर्क बघतं घर कुठे, बायको-मुलं कुठे. मार्चमध्ये तुम्ही नुसते नोकरीला गेलात, राहतं घर क्वीन्सच, असं ते म्हणू शकतात. मग जूनपर्यंतचं सगळं उत्पन्न त्यांचं. त्याच महिन्यांचा पगार शार्लटला काम करून मिळाला म्हणून नॉर्थ कॅरोलायनाही मागणार. तेव्हा क्रेडिट लागेल, पण ते न्यूयॉर्कच्या रिटर्नवर. सिटी टॅक्समध्ये तेही मिळत नाही.

गोदातीर
बघा, शेवटी क्रेडिट आलंच.

कोकणकडा
मला पटत नाही. शार्लटचं लीज यांच्या नावावर असेल, लायसन्स बदललं असेल आणि परत जायचा विचार नसेल, तर यांच्यासाठी मार्च धरता येतो. बायकोची तारीख जून.

सहज_विचारतो
धरता येतो, पण पत्र आलं तर सिद्ध यांनाच करावं लागेल. अशा केसमध्ये एकदा सीपीएला पैसे द्यावेत.

पावसाळी
शार्लटला घर घेताना शाळेचा झोन आधी बघा.

उत्तरवारा
भाड्याच्या घरात आहोत. लीज मार्चपासून माझ्या नावावर आहे, लायसन्स एप्रिलमध्ये बदललं. मी मार्चच धरणार. एक्स्टेन्शन घेऊ का?

कोकणकडा
घ्या, पण पैसे १५ एप्रिललाच भरा. मुदत कागदांना मिळते, पैशांना नाही. न्यूयॉर्कला मुदतवाढीचा फॉर्म आयटी-३७० वेगळा द्यावा लागतो.

उत्तरवारा
ठीक. शेड्यूल पीएनवर बायकोची तारीख वेगळी टाकायचीय, सॉफ्टवेअर एकच विचारतंय. कुणी केलंय का हे?