मामा म्हणतो, "न्हाणीघरात बसून वाचतेस का?"

पानगळ

माझ्या मामाला आता वाचता येत नाही, डोळ्यांनी पार दगा दिलाय. म्हणून रोज वीस-पंचवीस मिनिटं मी वाचते, रेकॉर्ड करते आणि त्याला पाठवते. रात्री इअरफोन लावून ऐकतो तो. आधी फोनवरच करायचे. मग हौस म्हणून मोठ्या डोक्याचा कंडेन्सर माइक (बारीकसारीक आवाजही टिपणारा) आणि तो संगणकाला जोडणारा छोटा ऑडिओ इंटरफेस घेतला. पहिली फाइल ऐकून मामाचा फोन, "नवा माइक घेतलास म्हणे? मग न्हाणीघरात का बसलीस?"

आणि खरंच तसं येतंय. घुमतंय, लांबून आल्यासारखं वाटतंय, पाठीमागे सूंऽऽ असा आवाज.

मांडणी सांगते. दहा बाय बाराची खोली, खाली फरशी, एका बाजूला काचेची खिडकी. टेबलावर छोटा स्टँड, त्यावर माइक आडवा, टोक माझ्या तोंडाकडे, नाव लिहिलेली बाजू वर. मध्ये पुस्तक असतं, त्यामुळे अंतर दीडेक फूट. पंखा बंद. माइकला वीज देणारं 48 व्होल्टचं बटण चालू आहे (पहिल्या दिवशी ते न दाबताच अर्धा तास वाचलं होतं, असो). गेन (माइकचा आवाज उचलणारं बटण) बराच वर न्यावा लागतो, नाहीतर आवाज दबतो. नॉइज रिडक्शन, म्हणजे मागचा सूं पुसणारं सॉफ्टवेअर, मारून पाहिलं तर मी पाण्याखालून बोलतेय असं ऐकू येतं.

भिंतींना फोम लावू की माइकच बदलू?

टकळी

डायनॅमिक माइक घ्या (स्टेजवर गायक हातात धरतात तसला) आणि सुटा. कंडेन्सरला शेजाऱ्याची शिंकसुद्धा ऐकू येते. मी तेच केलं, सुखी आहे.

कानसेन

टकळी, तुम्ही सुखी आहात कारण डायनॅमिक माइक तोंडाला चिकटवून बोलावं लागतं. गुण माइकचा नाही, अंतराचा. ताईंनी तोच माइक दीड फुटावर ठेवला तर गेन अजून चढवावा लागेल, सूं वाढेल आणि घुमणं तसंच राहील.

पानगळताई, खरेदी थांबवा. "टोक माझ्या तोंडाकडे, नाव लिहिलेली बाजू वर" हे मी तीनदा वाचलं. अहो, मोठ्या डोक्याचे बहुतेक कंडेन्सर टोकाने ऐकत नाहीत, कुशीने ऐकतात! जाळीवर टॉर्च मारून आत डोकवा. साधारण इंचभर व्यासाची गोल चकती उभी दिसेल, तिचा चेहरा जिकडे ती पुढची बाजू. बहुधा नाव तिकडेच असतं. म्हणजे तुमचा माइक इतके दिवस छताचं ऐकतोय आणि तुम्ही त्याच्या कानशिलाजवळ बोलताय. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा, असेल तर 90 अंशांतून येणारा आवाज 6 डेसिबलने कमी पडतो, वर त्यातला तीक्ष्णपणा जातो तो वेगळाच.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, करून बघा. माइक स्टँडवर उभा करा, गेनला हात न लावता त्याच्याभोवती फिरा. अंतर तेच ठेवायचं आणि जिथे असाल त्या जागेचं नाव मोठ्याने म्हणायचं: "नाव", "डावी", "पाठ", "उजवी", "टोक". मग ऐका.

पानगळ

कानसेनदादा, टेबलाभोवती "डावीऽ, पाठऽ" करत फिरताना घरच्यांनी पाहिलं. आता घरातली माझी पत गेली.

पण काय फरक आहे! "नाव" म्हटलेलं एकदम अंगावर येतं. "पाठ" जवळजवळ नाहीच. "टोक" मधला ट भरडा, बोथट. मी महिनाभर टोकालाच वाचत होते. तो महिना आठवून मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

माइक उभा केला, नाव माझ्याकडे. सूं कमी झाला, कारण गेन खाली आला. घुमणं मात्र अजून आहे.

कानसेन

आता अंतर. वीत पसरा. अंगठा जाळीवर, करंगळी ओठांवर, त्याच्याही थोडं आत या, सहा इंचांवर. दीड फुटावरून सहा इंचांवर आलात की तुमचा थेट आवाज साधारण साडेनऊ डेसिबलने वाढतो, पण भिंतींवरून परतणारा जवळपास होता तेवढाच राहतो. गेन फिरवून हे कधीच साधत नाही. गेन दोघांना सारखाच उचलतो, तुम्हालाही आणि न्हाणीघरालाही. फोनवर बरं का येत होतं, याचंही उत्तर यातच आहे. फोन तुम्ही हातात, तोंडाजवळ धरत असणार.

फार जवळही नको. चार बोटांच्या आत गेलात की खर्ज फुगतो, आवाज पिंपातून आल्यासारखा होतो. शिवाय 80 हर्ट्झच्या खालचं, म्हणजे अगदी खोल खर्जातलं, कापून टाका. तुमच्या आवाजाचं त्यात काही जात नाही, टेबलाची धडधड तेवढी जाते.

गेन असा ठेवा की जोरात वाचलेलं वाक्यही मीटरवर उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान राहील. शून्याला टेकलं की फाटलं, आणि फाटलेलं शिवता येत नाही. 24 बिटवर (सॉफ्टवेअरमधली रेकॉर्डिंगच्या बारकाईची सेटिंग) रेकॉर्ड करत असाल तर थोडं खाली राहिलं तरी चिंता नाही, नंतर उचलता येतं.

उंबरठा

फोमचं मी सांगते, कारण मी ते करून पस्तावलेय. पातळ फोम सगळ्या भिंतींना चिकटवला. वरचा किणकिणाट गेला, खालचं घुमणं जिथल्या तिथे. आता आवाज खोक्यातून आल्यासारखा येतो आणि फोम काढला तर रंग निघतो. अंड्यांच्या ट्रेंच्या वाटेला तर जाऊच नका, ते फक्त फोटोत छान दिसतात.

जाड गोधडी घ्या. ती माइकच्या मागे टांगावी असं सगळ्यांना वाटतं, मलाही वाटायचं. पण कार्डिऑइड पाठीमागचं जवळजवळ ऐकतच नाही, तो बघतो तुमच्याकडे आणि तुमच्या मागच्या भिंतीकडे. म्हणून गोधडी तुमच्या पाठीशी हवी. दुसरी मिळाली तर टेबलावर चार पदरी घाला. टेबलावरून उसळून येणारा आवाज थेट आवाजाच्या पाठोपाठ माइकात शिरतो आणि दोघे मिळून पोकळ ऐकू येतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. कपड्यांनी भरलेलं कपाट असेल तर सरळ ते उघडून त्याच्याकडे पाठ करून बसा. खोलीच्या अगदी मध्यभागी बसू नका.

पानगळ

कपाट उघडून बसले! मामाचा निरोप: "आता समोर बसून वाचतेस." पण माझं समाधान नाही. "पहाटे पाऊस पडून गेला" हे वाक्य वाचलं तर तीनही प फुटतात. भ आणि फ तर विचारूच नका. पॉप फिल्टर (माइकसमोरची फुंकर अडवणारी जाळी) लावलाय, तरी.

कानसेन

फिल्टर जाळीला चिकटलाय का? मग त्याचा उपयोग नाही, मध्ये तीन-चार बोटं जागा हवी. तळहात तोंडासमोर धरून "प" म्हणा, फुंकर लागेल. आता हात गालासमोर सरकवा आणि पुन्हा म्हणा, काहीच लागणार नाही. माइक तिथे न्या, ओठांच्या कोपऱ्यापाशी, नाव मात्र तोंडाकडेच वळलेलं. आवाज सगळीकडे पसरतो, फुंकर सरळ जाते. पुस्तकही मग समोर धरता येईल, मान खाली जाणार नाही. मान खाली गेली की प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज गळ्यात उतरतो.

सुरुवातीला दहा सेकंद गप्प बसून रेकॉर्ड करा. नॉइज रिडक्शन लागलंच तर खोलीच्या शांततेचा नमुना तिथून घ्या, आणि 6-8 डेसिबलच्या पुढे जाऊ नका. पाण्याखाली गेलात ते हात सैल सोडल्यामुळे.

पानगळ

झालं! प शांत. रिडक्शन लावलंच नाही, गरज पडली नाही. काल तेवीस मिनिटं वाचलं, मामाने सगळं ऐकलं. आज सकाळी फोन: "वाचायच्या आधी पाणी पीत जा. जीभ टाळूला चिकटल्याचं ऐकू येतंय."