मदत हवी आहे: हापूसच्या वेबसाइटसाठी पैसे जाहिरातीवर घालावेत की मजकुरावर?

नमस्कार मंडळी,

देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. बाग भाऊ-वहिनी बघतात. मी ठाण्यात राहून वेबसाइट, फोन आणि ऑर्डरी सांभाळते. पूर्वी गिऱ्हाईक ओळखीतून यायचं, आता नवं गिऱ्हाईक गूगलवर शोधून येतं. म्हणून गेल्या हंगामात सर्च जाहिराती सुरू केल्या. क्लिक पडतात, पैसे कापले जातात, पण लोक पान उघडून लगेच निघून जातात. मार्च-एप्रिलमध्ये 'देवगड हापूस' या शब्दांवर इतके विक्रेते बोली लावतात की लहान बागायतदाराला ते झेपत नाही.

आमची एजन्सी म्हणते, पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर अशी शहरागणिक पानं करू. मजकूर तोच, शहराचं नाव फक्त बदलायचं. शिवाय 'आंबा खाण्याचे फायदे' छापाचे ढीगभर लेख एआयकडून लिहून घ्यायचे. नमुन्याच्या लेखात हापूसला मोहर पावसाळ्यात येतो असं लिहिलं होतं! भाऊ वाचून भडकला. असलं काही आमच्या बागेच्या नावाखाली जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

कारण गिऱ्हाईक फोनवर विचारतं ते वेगळंच. पेटीत आंबे हिरवे, कडक का आले? फ्रिजमध्ये ठेवू का? चार डझनाची पेटी आणि सहा डझनाची पेटी यांत फळ केवढं? कार्बाईड घातलंय का? कापल्यावर साका, म्हणजे आत खराब झालेला स्पंजासारखा गर, निघाला तर बदलून द्याल का? आणि सगळ्यांत जास्त वेळा: कर्नाटकचा आंबा देवगड म्हणून विकतात, मग तुमचा खरा कशावरून?

याची उत्तरं आमच्याकडे आहेत. कॅल्शियम कार्बाईडला कायद्यानं बंदी आहे आणि आम्ही गवताच्या अढीत पिकवतो. साका बाहेरून दिसत नाही, म्हणून कापलेल्या फळाचा फोटो पाठवला की आम्ही बदलून देतो. 2018 मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं नोंदणी प्रमाणपत्र भावाकडे आहे. यातलं एक अक्षर वेबसाइटवर नाही.

तर विचारायचं असं: हे सगळं नीट लिहून काढलं तर जाहिरातीच्या खर्चात फरक पडतो का, की जाहिरात आणि मजकूर ही दोन वेगळी खाती आहेत? आणि शहरांची पानं करू द्यावीत का?

प्रतिसाद

ताई, शहरांची पानं अजिबात करू देऊ नका. नाव बदलून तोच मजकूर छापलेल्या पानांना गूगलच्या नियमांत डोअरवे म्हणतात आणि ती स्पॅममध्ये धरली जातात. फक्त वर येण्यासाठी ढिगानं लेख पाडणं हेही मार्च 2024 पासून स्पष्टपणे त्याच यादीत आहे, मग ते माणसानं लिहिलेले असोत की यंत्रानं. पातळ मजकुरावर पहिला मोठा बडगा गूगलनं 2011 मध्ये निकालांचा क्रम ठरवण्याच्या पद्धतीत केलेल्या 'पांडा' या बदलानं उगारला होता. त्या वेळी लेखांचे कारखाने चालवणाऱ्या साइट एका झटक्यात खाली गेल्या.

जाहिरातीचे पैसे दिल्यानं खालच्या मोफत निकालांत तुमचं पान वर येत नाही. उलट बाजूनं मात्र संबंध आहे. गूगल अॅड्समध्ये प्रत्येक कीवर्डपुढे, म्हणजे ज्या शब्दांवर तुम्ही बोली लावता त्यांपुढे, 1 ते 10 असा क्वालिटी स्कोर दिसतो, तो जरूर बघा. क्लिकची अपेक्षा, जाहिरात शोधाला किती जुळते आणि पान उघडल्यावर माणसाला काय मिळतं, या तीन गोष्टींवर तो ठरतो. जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो, त्यात नुसती बोली बघत नाहीत, दर्जाही बघतात. चांगल्या पानाला बहुधा कमी पैशांत तीच जागा मिळते. लोक लगेच परत जातात म्हणजे दुखणं तिसऱ्या गोष्टीत असावं, आणि तुम्ही फोनवर देता ती उत्तरं हाच त्यावरचा इलाज आहे.

सर्च टर्म्सचा अहवालही उघडा, लोकांनी नेमकं काय शोधल्यावर तुमची जाहिरात दिसली ते त्यात कळतं. 'हापूस कलम', 'आमरस रेसिपी' असल्या शोधांवर पैसे जात असतील तर ते शब्द निगेटिव्ह कीवर्डमध्ये टाका, म्हणजे त्यांवर जाहिरात दिसणार नाही.

भावाकडून अढीचे, प्रतवारीचे फोटो मागवा. स्वतःचा अनुभव मजकुरात दिसावा, हा मुद्दा गूगलनं शोधाच्या निकालांचा दर्जा तपासणाऱ्या आपल्या परीक्षकांच्या मार्गदर्शिकेत डिसेंबर 2022 मध्ये मुद्दाम घातला. एजन्सीकडे तो अनुभव नाही, तुमच्या घरात आहे.

धागाकर्ती

मनापासून आभार, दादा. शहरांच्या पानांना आजच नाही म्हणून कळवते. वहिनीला प्रतवारी करताना बोलायला लावून ते उतरवून काढीन, ती फार छान सांगते. एकच अडचण उरली: जूनमध्ये आंबा संपला की पान काढून टाकायचं का? एजन्सी दर वर्षी नवं पान करते.

प्रतिसाद

काढू नका, ताई. पत्ता तोच ठेवा. 'या वर्षीचा हंगाम संपला' असं वर लिहा, पुढच्या वर्षासाठी नाव नोंदवायची सोय द्या आणि मोहर धरला की त्याच पानावर नवे दर टाका. दर वर्षी नवं पान केलंत तर जुन्या पानाला मिळालेले दुवे आणि ओळख नव्या पत्त्यावर आपोआप जात नाही. जुनी पानं अजून असतील तर ती या एका पानाकडे रीडायरेक्ट करून घ्या, म्हणजे जुना पत्ता उघडणारा आपोआप इथे येईल.