'अंधार प्रक्रिया' अंधारात होते का?

पाऊलवाट
प्रकाशसंश्लेषणाच्या दुसऱ्या टप्प्यासाठी मराठीत तीन शब्द आढळतात: अंधार प्रक्रिया, अप्रकाशी अभिक्रिया आणि प्रकाशनिरपेक्ष अभिक्रिया. नववी-दहावीच्या मुलांसाठीच्या टिपणात यांतला कोणता वापरावा? 'अंधार प्रक्रिया' वाचून मुले सर्रास लिहितात की पहिला टप्पा दिवसा होतो आणि दुसरा रात्री. शिवाय हरितद्रव्य, हरितलवक आणि हरितकणू हे एकच की वेगवेगळे?

पेशीजाल
रात्री नाही. बहुतेक वनस्पतींत दोन्ही टप्पे भर उन्हात, एकाच वेळी, एकाच हरितलवकात चालतात. फरक जागेचा आहे.

पहिला टप्पा हरितलवकातल्या थायलॅकॉइड या चपट्या पिशव्यांच्या पटलावर होतो. तिथे प्रकाश शोषला जातो आणि पाण्याचे विघटन होते. पाण्याच्या दोन रेणूंमागे ऑक्सिजनचा एक रेणू, चार प्रोटॉन आणि चार इलेक्ट्रॉन मिळतात. इलेक्ट्रॉन पटलातल्या साखळीतून पुढे सरकतात आणि शेवटी एनएडीपीएच (इलेक्ट्रॉन पुढे नेऊन देणारा रेणू) तयार होते. वाटेत पिशवीच्या आत प्रोटॉन साठतात आणि ते बाहेर पडताना एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) बनते.

दुसरा टप्पा पिशव्यांभोवतीच्या द्रवात, म्हणजे स्ट्रोमात होतो. तो चक्रासारखा फिरत राहतो, त्यालाच कॅल्विन चक्र म्हणतात. रुबिस्को हे विकर (एन्झाइम) कार्बन डायऑक्साइड पाच कार्बनी शर्करेला जोडते आणि तीन कार्बनी आम्लाचे दोन रेणू मिळतात. कार्बन डायऑक्साइडच्या तीन रेणूंमागे ९ एटीपी आणि ६ एनएडीपीएच खर्ची पडतात, आणि हाती निव्वळ एक तीन कार्बनी शर्करा-फॉस्फेट येते. हा सगळा खर्च पहिला टप्पा पुरवतो. दिवा बंद केला की शिल्लक साठा पाहता पाहता संपतो. शास्त्रज्ञ मेल्विन कॅल्विन यांच्या प्रयोगशाळेत शैवालावरचा प्रकाश बंद केल्यावर तीन कार्बनी आम्ल साचत गेले आणि पाच कार्बनी शर्करा घटत गेली. चक्र नेमके कुठे अडते ते यातून कळते: आम्लापासून पुढची शर्करा बनवायला एटीपी आणि एनएडीपीएच लागतात, ते येणे थांबलेले असते.

जुनीवही
मग 'अंधार' आला कुठून? १९०५ मध्ये ब्लॅकमन यांनी दाखवले की प्रकाश मंद असताना तापमान वाढवून फारसा फरक पडत नाही, पण प्रकाश भरपूर असताना तापमानाने वेग वाढतो. निव्वळ प्रकाशरासायनिक क्रिया तापमानाला अशी दाद देत नाही. म्हणजे प्रकाशाची थेट गरज नसलेला, विकरांवर चालणारा एक टप्पा असलाच पाहिजे. पुढे १९३२ मध्ये इमर्सन आणि अरनॉल्ड यांनी शैवालावर प्रकाशाचे अतिशय छोटे झोत टाकले. दोन झोतांमधली अंधाराची फट वाढवली की दर झोतामागचे उत्पादन वाढे, कारण प्रकाश न लागणाऱ्या टप्प्याला काम उरकायला वेळ मिळे. त्या प्रयोगातला 'अंधार' सेकंदाच्या अंशाइतका होता. मराठीत शब्द आला तो शब्दशः, आणि वाचणाऱ्याच्या मनात रात्र उभी राहिली.

पाऊलवाट
मग 'प्रकाशनिरपेक्ष' योग्य ठरेल ना?

पेशीजाल
माझ्या मते तो जास्त फसवा आहे. 'अंधार' निदान ढोबळ शब्द आहे. 'निरपेक्ष' ठाम दावा करतो आणि तो दावा चूक आहे. दुसऱ्या टप्प्यातली बरीच विकरे प्रकाशावरच जागी होतात. प्रकाश पडला की प्रोटॉन पिशव्यांच्या आत जातात, स्ट्रोमाचा सामू (पीएच) साधारण ७ वरून ८ पर्यंत चढतो आणि तिथले मॅग्नेशियम वाढते. रुबिस्कोला हेच वातावरण मानवते. त्याखेरीज पहिल्या टप्प्यातले काही इलेक्ट्रॉन थायोरेडॉक्सिन या छोट्या प्रथिनाकडे जातात आणि ते चक्रातल्या काही विकरांवरचे गंधकाचे बंध तोडून त्यांना कामाला लावते. अंधारात हे बंध पुन्हा जुळतात आणि विकरे थंडावतात. यात वनस्पतीचा फायदा आहे: रात्री शर्करा मोडण्याचे काम चालू असते, त्याच वेळी ती बनवणारे चक्रही फिरत राहिले तर एटीपी फुकट जाईल.

उलट बाजूही पाहा. १९६६ मध्ये यागेनडॉर्फ यांनी थायलॅकॉइड सामू ४ असलेल्या द्रावणात भिजवून एकदम सामू ८ च्या द्रावणात टाकले, आणि पूर्ण अंधारात एटीपी तयार झाले. म्हणजे 'प्रकाश प्रक्रिये'चे एक उत्पादन अंधारात मिळाले. प्रकाशाचे काम प्रोटॉनांचा फरक उभा करण्याचे. तो दुसऱ्या मार्गाने उभा केला तरी एटीपी बनते.

म्हणून टप्प्यांची नावे प्रकाश-अंधारावरून न ठेवता कामावरून ठेवावीत. पहिल्याला 'प्रकाश प्रक्रिया' चालेल, दुसऱ्याला 'कार्बन स्थिरीकरण' किंवा सरळ 'कॅल्विन चक्र'.

काळीमाती
'कर्ब स्थिरीकरण' का नको? सेंद्रिय कर्ब हा शब्द शेतकऱ्यांच्या रोजच्या बोलण्यात आहे, माती परीक्षणाच्या अहवालातही असतो.

आणि रात्रीचा मुद्दा पूर्ण खोडू नका. अननस, निवडुंग, घायपात, पानफुटी यांची पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात पेशीतल्या रिक्तिकेत (द्रव साठवणाऱ्या पिशवीत) साठतो. दिवसा रंध्रे मिटलेली असतात, पाणी वाचते, आणि आम्लातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड आत वापरला जातो. बेंजामिन हाइन यांनी भारतात पानफुटीची पाने चाखून पाहिली होती: सकाळी आंबट, दुपारपर्यंत आंबटपणा गेलेला. हे निरीक्षण १८१५ मध्ये छापून आले. मुले इथे आणखी एक गल्लत करतात, ऊस-ज्वारी-मक्याला याच गटात घालतात. उसात कार्बन डायऑक्साइड पकडणे आणि त्याची शर्करा करणे ही दोन कामे वेगळ्या पेशींत वाटलेली असतात, अननसात वेगळ्या वेळी.

पेशीजाल
बरोबर, पण पानफुटीतही रात्री होते ती फक्त साठवण, तीही वेगळ्या विकराने. रुबिस्को आणि कॅल्विन चक्र तिथेही दिवसाच चालते. 'कर्ब' मला चालेल, फक्त एकाच टिपणात कर्ब आणि कार्बन दोन्ही नकोत.

खडूफळा
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. हरितद्रव्य हा रंगद्रव्याचा रेणू, मध्यभागी मॅग्नेशियम असलेला. हरितलवक हे पेशीतले अंगक, साधारण ५ ते १० मायक्रोमीटर लांब. पानाच्या एका पेशीत अशी अनेक असतात. हरितकणू हा हरितलवकाचाच जुना पर्याय. सगळी पानभर हिरवळ 'हरितलवकात हरितद्रव्य' एवढ्या दोन शब्दांत बसते.

प्रयोगाच्या वहीत फरक चटकन कळतो. पान पाण्यात मिनिटभर उकळायचे, मग स्पिरिटच्या परीक्षानळीत घालून ती गरम पाण्यात ठेवायची. स्पिरिट थेट आचेवर नको, पेट घेते. पान पांढरट होते आणि स्पिरिट हिरवे. विरघळते ते हरितद्रव्य. 'हरितलवक विरघळले' हे वाक्य चूक. स्पिरिटमधून काढलेले पान कडक, ठिसूळ असते, म्हणून गरम पाण्यात बुडवून मऊ करावे आणि मगच आयोडिन घालावे.

निळा-काळा रंग येतो तो स्टार्चमुळे. इथे 'पिष्टमय पदार्थ' लिहू नका, कारण तो शब्द साखरेसकट सगळ्या कर्बोदकांसाठी वापरला जातो आणि साखरेने आयोडिन निळे होत नाही. कांद्याच्या पातीवर प्रयोग फसतो तो यामुळेच: ती साखर साठवते, स्टार्च जवळजवळ नाही. प्रकाशसंश्लेषण झालेच नाही, असा निष्कर्ष मुले काढून मोकळी होतात. जास्वंद किंवा पांढरे पट्टे असलेला मनी प्लांट घ्या, आणि प्रकाश झाकण्याचा प्रयोग असेल तर कुंडी आधी ४८ तास अंधारात ठेवा. तेवढ्यात साठलेला स्टार्च मोडून साखरेच्या रूपात पानाबाहेर जातो. कुंडी नीट अंधारात नसेल तर झाकलेला भागही निळा होतो आणि प्रयोग वाया जातो.

पाऊलवाट
'ग्लुकोज तयार होते' हे तरी ठेवावे का?

पेशीजाल
समीकरणात ठेवा, हिशेब जुळतो. फक्त समीकरणात पाण्याचे सहा नव्हे, बारा रेणू डावीकडे लिहा आणि सहा उजवीकडे. सुटणारा ऑक्सिजन सगळा पाण्यातून येतो. सहा ऑक्सिजन रेणूंना बारा अणू लागतात, ते पाण्याच्या सहा रेणूंतून मिळणार नाहीत. मजकुरात मात्र 'शर्करा' म्हणा. तीन कार्बनी शर्करा-फॉस्फेट हरितलवकाबाहेर गेले की त्याची सुक्रोज बनते, आत राहिले तर स्टार्च. मोकळे ग्लुकोज त्या वाटेवर जवळपास साठतच नाही.

जुनीवही
आणि परीक्षेपुरते: पुस्तकात 'अंधार प्रक्रिया' असेल तर मुलांनी तोच शब्द लिहावा, गुण त्यालाच मिळतील. टिपणात पहिल्यांदा येईल तिथे कंसात 'कॅल्विन चक्र. दिवसाच चालते' असे जोडा, पुढे सगळीकडे कॅल्विन चक्र.