लसणाला कोंब फुटतायत, पाकळ्या पोचट होतायत. कसा साठवू?

नमस्कार मंडळी,

वाळलेला लसूण एकदम जास्त घेऊन ठेवलाय आणि संपायच्या आतच तो वाया जातोय. गड्डा वरून टणक दिसतो, पण फोडला की दोन-चार पाकळ्या पोचट निघतात. सालीच्या आत नुसता पिवळट, आक्रसलेला दाणा. टोपली ओट्याखालच्या बंद कपाटात, कांदे-बटाट्यांच्या शेजारी असते. थोडे गड्डे फ्रीजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवले, तर त्यांनाच आधी कोंब फुटले! असं का?

आणि सोललेल्या पाकळ्या तेलात बुडवून बरणी ओट्यावर ठेवली तर महिनोन् महिने टिकतात, असं एकाने छातीठोकपणे सांगितलंय. सोलायचा भयंकर कंटाळा असल्याने मोह होतोय. कोणी करतं का?

प्रतिसाद १

तेलाचं आधी सांगते. अजिबात करू नका. मातीतल्या क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूचे बीजाणू लसणाला चिकटलेले असू शकतात. तेलात हवा पोचत नाही, लसणात आंबटपणा जवळजवळ नाही, त्यात बरणी बाहेर, म्हणजे त्यांची चंगळच. त्यातून तयार होणारं विष वासावरून ओळखू येत नाही. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला एका रेस्टॉरंटमधल्या, फ्रीजबाहेर ठेवलेल्या तेलातल्या लसणामुळे ३० हून जास्त लोकांना बोटुलिझम, म्हणजे याच विषाची बाधा, झाला होता. तेलातच हवा असेल तर थोडाच करा, लगेच फ्रीजमध्ये ठेवा आणि ३-४ दिवसांत संपवा. जास्त असेल तर थेट फ्रीझरमध्ये.

प्रतिसाद २

फ्रीजमधली ती ५-१० अंशांची थंडीच कोंबाला जाग आणते. शीतगृहात लसूण शून्याच्या आसपास आणि कोरड्या हवेत ठेवतात, म्हणून तिथे टिकतो. घरी अख्खे गड्डे जाळीच्या पिशवीत किंवा उघड्या टोपलीत, अंधाऱ्या आणि वारा खेळेल अशा जागी ठेवा. १५-१८ अंश मिळाले तर उत्तमच. बंद कपाट नको, प्लॅस्टिकची पिशवी तर नकोच. बटाटे वेगळे ठेवा, त्यांचा ओलावा लसणाला बाधतो. आणि गड्डे आधीच फोडून ठेवू नका, सुट्या पाकळ्या लवकर सुकतात.

सोलायचा कंटाळा असेल तर एकदाच बसून सोला, ठेचा आणि ताटलीत लहान लहान गोळे घालून गोठवा. मग डब्यात भरा. करकरीतपणा जातो, स्वाद बऱ्यापैकी राहतो. डबा मात्र घट्ट झाकणाचा घ्या, नाहीतर बर्फालाही वास येईल.

धागाकर्ती

तेलाचा बेत रद्द! टोपली आजच बाहेर काढते. कोंब आलेल्या आणि निळसर भुकटी धरलेल्या पाकळ्यांचं काय करू?

प्रतिसाद २

निळसर भुकटी म्हणजे बुरशी, त्या टाका. शेजारच्या पाकळ्या मऊ किंवा डागाळलेल्या असतील तर त्याही. कोंब आलेल्या खुशाल वापरा. कडवट लागला तर मधला हिरवा कोंब काढायचा. फारच वाढला असेल तर टोक वर करून कुंडीत खोचा, पात मिळेल.