जरीपटक्यातलं दाल-पकवानचं दुकान: भाड्याच्या कागदाबद्दल सल्ला हवा (जरा घाई आहे)

मंडळी, आमच्या नागपूरच्या जरीपटक्यात एक सिंधी काका दाल-पकवान, म्हणजे कुरकुरीत तळलेली पुरी आणि हरभऱ्याची डाळ, विकतात. चार टेबलं, एक कढई, बस. फाळणीनंतर सिंधमधून जी कुटुंबं नागपूरला आली, त्यातलंच त्यांचं. वडिलांनी आधी हातगाडी लावली, मग ही खोली भाड्यानं घेतली. पकवान फुगू नये म्हणून तळण्याआधी काट्यानं टोचायचं, डाळ घोटायची नाही, असे काकांचे नियम. हिवाळ्यात साई भाजी असते, म्हणजे पालक-डाळीची सिंधी भाजी. तिच्यात आंबट चुक्याचा पाला नसेल तर ते तिला साई भाजी म्हणूच देत नाहीत. आपण तर्री-पोह्यावर वाढलेले, पण आमच्या घरचा रविवार काकांकडेच.

घरमालक वारले, आता त्यांचा पोरगा कारभार पाहतो. भाडं तीन हजार होतं, तो वीस मागून राहिला. नाहीतर म्हणतो, अकरा महिन्यांच्या या कागदावर सही करा, पुढचं पुढं पाहू. लेखी करार कधी झालाच नाही. पावत्या मात्र काकांनी बिस्किटाच्या डब्यात जपल्यात, १९८६ पासूनच्या.

थोडी चूक माझीही. गेल्या वर्षी मीच एका व्हिडिओवाल्याला तिथं नेलं. महिनाभर रांगा लागल्या, मग लोक पांगले. पण त्या रांगा मालकाच्या पोरानंही पाहिल्या. तेव्हा 'व्हायरल करा' हा सल्ला कृपया नको.

कोर्टाचं नाव काढलं की काका हात जोडतात. म्हणतात, बाबांनी अख्खं गाव सोडलं, मी एक खोली सोडीन. काय करावं?

प्रतिसाद: भाऊ, आधी ती सही थांबवा. तो कागद 'लीव्ह अँड लायसन्स'चा, म्हणजे जागा नुसती वापरायच्या परवानगीचा असणार. सही झाली की इतक्या वर्षांचा भाडेकरू कागदावर अकरा महिन्यांचा पाहुणा होतो. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा दुकानांनाही लागू आहे. त्यात भाडेवाढ वर्षाला चार टक्के. दुरुस्ती, करवाढ वेगळी. करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची, म्हणून 'करार नाही' याला काकांनी घाबरू नये. फक्त भाडं एक महिनाही थकवू नका. तो घेत नसेल तर पाठवल्याचा पुरावा ठेवा. वीज-पाणी तोडायची धमकी दिली तर तेही बेकायदेशीर. सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. उत्पन्नाच्या मर्यादेत बसले तर वकील फुकट मिळतो. केस न करता नुसतं विचारून या.

धागाकर्ता: खूप आभार. सही सोमवारी ठरली होती. आत्ताच जाऊन आलो, काका उद्याची डाळ निवडत होते. कागद गल्ल्याखाली आहे, अजून सही नाही. डबा घरी आणलाय, पावत्यांचे फोटो काढतोय. काही पावत्यांवर तेलाचे डाग आहेत, तारीख वाचता येत नाही. अशा चालतील का?