मुलगी मध्येच एकटक पाहत राहते. ही फिट असेल का?

प्रश्न : माझी ७ वर्षांची मुलगी जेवताना मध्येच थांबते, पापण्या फडफडतात, घास हातातच राहतो आणि काही सेकंदांनी काहीच न घडल्यासारखी ती पुढे बोलू लागते. शाळेतल्या बाई म्हणतात, तिचे लक्ष नसते. कोणाला दाखवावे?

उत्तर १ : खांद्याला हात लावूनही ती भानावर येत नसेल, तर हा अ‍ॅब्सेन्स प्रकारचा, म्हणजे काही सेकंद भान हरपणारा, फिटचा झटका असू शकतो. मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा आणि जमल्यास मोबाइलवर चित्रण करून न्या, कारण डॉक्टरांसमोर झटका येईलच असे नाही.

उत्तर २ : ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींची तपासणी) करताना मुलांना सुमारे ३ मिनिटे जोरात श्वास घ्यायला लावतात, त्यात असे झटके बहुधा दिसतात. मात्र एक ईईजी नॉर्मल आला, तरी अपस्मार (फिट येण्याचा आजार) नाही असे ठरत नाही.

उत्तर ३ : कधी अंग आखडून झटका आलाच, तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, कुशीवर वळवा; ५ मिनिटांत थांबला नाही, तर तातडीने रुग्णालयात न्या.